उरलेल्या गोळ्यांचा डबा

भांडुपच्या आमच्या चाळीत शेवंतीवहिनींइतकी काटकसरी बाई दुसरी नाही. नारळाची करवंटी, पार्सलची दोरी, सगळं जपून ठेवणार. त्यांचे यजमान धोंडूभाऊ गिरणी बंद पडल्यावर रंगकामाला लागले आणि सहा वर्षांपूर्वी परांचीवरून पडले. कंबरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून लघवीची नळी आणि खाटेला टांगलेली पिशवी. पण वहिनींनी त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. मला, शेजारच्या मालनला, त्यांचा हेवाच वाटायचा.

नळीमुळे जंतुसंसर्ग व्हायचाच. हुडहुडी भरली की डॉक्टर सात दिवसांच्या गोळ्या द्यायचे. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की वहिनी उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात टाकायच्या. "उरलेल्यो कित्याक फुकट घालवच्यो? फुडच्या खेपेक होतल्यो." पुढच्या तापाला मग डॉक्टर कशाला, डबा होताच. चाळीत सगळे वाहवा करायचे. खोटं कशाला बोलू, खोकल्यावर त्यातल्या दोन गोळ्या मीही घेतल्यात.

यंदा दिवाळीनंतर ताप उतरेचना. धोंडूभाऊ बरळू लागले, तेव्हा आम्ही त्यांना इस्पितळात नेलं. दोन दिवसांनी लघवीचा रिपोर्ट आला. डॉक्टर दिशा, नातीच्या वयाची पोर, औषधांच्या यादीवरून बोट फिरवत गेली. "हे चालत नाही. हेही नाही. हे पण नाही." तळाशी एकच इंजेक्शन उरलं. वहिनींनी डब्याचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आजी, अर्धवट गोळ्यांनी कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात. हे इंजेक्शन चौदा दिवस द्यायचं. हे चाललं नाही, तर माझ्याकडे दुसरं काही नाही."

"म्हणजे मियाच केलंय मगे?" वहिनींनी विचारलं.

डॉक्टरने नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या बाईसाठी रडूच आलं. सहा वर्षं रात्रंदिवस केलं आणि शेवटी हे ऐकायचं! आम्हीच तर त्या डब्याचं कौतुक करत होतो.

पाचव्या दिवशी ताप उतरला. धोंडूभाऊंनी पेज मागितली, दोन घोट घेतले आणि बायकोकडे बघून हसले.

"ताप गेलो मा? चल घराक. उरलेली इंजेक्शनां ठेव तुझ्या डब्यात."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मग धोंडूभाऊंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "डबो रिकामो केलंय मिया. शेवटचा इंजेक्शन होयसर हयसून हलूचा नाय."