मेन बंद केला आन् इन्सुलिन आठवलं

बायांनो, आजचं सांगतेच.

नातीनं शिकवलं, “आजी, टीव्हीचा लाल दिवा चालू असला तरी वीज जाते, भिंतीवरचं बटन बंद करत जाय.” मले लय आवडलं, तवापासून रोज करते. आज अकोल्याहून मूर्तिजापूरले बारशाले निघालो. म्हटलं, एक-एक बटन काहून दाबाचं? घराचा मेन स्विचच बंद केला.

बस बोरगावच्या पुढं गेली आन् मले आठवलं, फ्रिजात ह्यांचं इन्सुलिन हाय! एवढं ऊन, बंद घर भट्टीवानी. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “लाईट वाचवून रायली का मले मारून रायली?”

उतरलो, परतीची बस धरली. हातात बाळाचं झबलं तसंच. वाटभर मी ह्यांच्या तोंडाकडंच पाहत होती.

घरी येऊन फ्रिज उघडला. बाटली थंडगार! मेडिकलवाल्याले फोन लावला, तो म्हणाला, “दार बंद होतं, दोन तासांत काही होत नाही, आजी.” मी तिथंच रडली आन् हसली.

टीव्हीचं बटन बंद करणं सोडणार नाही. पण मेनले हात लावाच्या आधी फ्रिजात कोणाचं औषध हाय ते पाहता ना तुमी?

आमचे हे तर मेनखाली खुर्ची टाकून बसले. म्हणतात, “तू जाय बारशाले, मी राखण करतो.”