सहा चाकांचा नंदी

आमच्याकडे शेत नाही, बैल नाहीत, गोठाही नाही. तरी त्या वर्षी पोळ्याच्या बाजारातली जवळजवळ सगळी सोनेरी बेगड आमच्या घरी आली. बैलांच्या शिंगांना लावतात तो हा चकचकीत कागद. दुकानदारानं माझ्या नवऱ्याला आदरानं विचारलं, "भाऊ, किती जोड्या हायेत?"

"जोड्या नाईत. लँडर हाये," नवरा म्हणाला.

दुकानदारानं मान डोलावली. बैलांची नवीन जात निघाली असेल, असं त्याला वाटलं असणार.

आपलं यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. यान उतरलं, देशभर पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवशी लोक आपापल्या कामाला लागले. माझा नवरा तेवढा लागला नाही. अहेरीच्या एका सरकारी कचेरीत तो बाबू आहे. लोकांचे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जायला जो वेळ घेतात, त्या मानानं चंद्र फारच जवळ आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं. तेव्हापासून त्यानं अंतराळाचा छंद घेतला, आणि छंदानं आमचं घर घेतलं.

पहिली पाळी फोटोंची होती. भर पावसाळ्यात आमच्या भागात चंद्राचे फोटो काढायचे हे फक्त यालाच सुचू शकतं. संध्याकाळ झाली की हा गच्चीवर. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात छत्री, आणि समोर अख्ख्या जंगलावर टेकलेले ढग. ढगांचे फोटो मात्र सुंदर आले. चंद्र एकदाच सापडला, तोही तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा. तो फोटो मोठा करून, चौकटीत घालून त्यानं बैठकीत लावला, आमच्या लग्नाचा फोटो काढून. लग्नाच्या फोटोत तसंही फार काही बघण्यासारखं नाही, असं तो म्हणाला. मी ते लक्षात ठेवलं आहे.

मग चित्रकला आली. झोपायच्या खोलीत भिंतभर शनी काढला गेला. फाटकाला लावून उरलेला रंग वापरल्यामुळे आमचा शनी हिरवा आहे. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. ज्याची साडेसाती टळावी म्हणून लोक नवस बोलतात, त्याला यानं ब्रश घेऊन घरात आणलं होतं. त्या दर शनिवारी भिंतीला तेल लावू लागल्या. तेलानं शनीची कडी ओघळून खाली आली आणि नवरा दोन दिवस आईशी बोलला नाही.

मग बेगडीत गुंडाळलेला पुठ्ठ्याचा लँडर शोकेसमध्ये बसला, तोवर मी सगळं हसण्यावारी नेलं. पण पुढची पाळी आमच्या मुलीवर आली, आणि तिथं माझं हसू संपलं.

मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेला लाकडी नंदी सजवून, दोरीनं ओढत पोरं तोरणाखाली येतात. मग ती घरोघरी जातात. घरची बाई खऱ्या बैलाचे धुवावेत तसे नंदीचे पाय धुते, कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे खाऊ नाहीतर एखादं नाणं. आमची पोरगी तेव्हा दुसरीत होती. आदल्या वर्षी तिच्याकडे नंदी नव्हता. शेजारच्या पोरानं तिला सोबत नेलं, पण दोरीला हात लावू दिला नाही. ती दिवसभर त्याच्या नंदीची शेपटी सांभाळत मागून चालली आणि घरी येऊन न जेवता झोपली. त्यामुळे यंदा तिचा एकच धोशा होता. नंदी तिचा पाहिजे आणि तो तिनं न्यायचा.

"नंदी काय सगळेच आणतात," बाप म्हणाला. "तुझ्यासाठी मी चंद्रावरची गाडी बनवतो."

"तिले शिंगं राहीन का?" पोरीनं विचारलं.

"अँटेना राहीन."

अँटेना म्हणजे काय ते तिला कळलं नाही, पण बापाचा चेहरा इतका उजळला होता की तिनं हो म्हटलं. पोरी लहानपणीच शिकतात हे. मला त्याचा राग येतो.

गाडी बनली. कपाटाच्या जुन्या दाराचं धड झालं. माझ्या लोणच्याच्या बरण्यांची झाकणं गेली आणि त्यांची सहा चाकं झाली. त्या वर्षीचं लोणचं आम्ही फडक्याखाली ठेवलं आणि बुरशीसकट फेकलं, पण विज्ञानासाठी एवढा त्याग करावाच लागतो. पोटात मोडक्या खेळण्यातली मोटर, वर सोनेरी बेगड, समोर दोन दिवे. चालवायला रिमोट. खोटं कशाला बोलू, गाडी झकास झाली होती. ती पहिल्यांदा अंगणातून घरघरत गेली, तेव्हा मीसुद्धा कणीक मळायची सोडून दारात आले.

पोरीनं रिमोटसाठी हात पुढे केला. "मले द्या ना बाबा."

"नाजूक हाये बेटा. पोळ्याच्या दिवशी देतो."

दुसऱ्या दिवशी तिनं परत मागितला. तिसऱ्याही दिवशी. पोळ्यापर्यंत हे रोज चाललं आणि रोज तो रिमोट नाजूकच होता.

तान्ह्या पोळ्याला आम्ही निघालो. पोरीला नऊवारी नेसवली होती, नाकात नथ अडकवली होती. मैदानात तोरणाखाली नंदीच नंदी, घुंगरं, झुली, गोंडे. त्यांच्यामधून आमची गाडी दिवे लावून घरघरत आली आणि सगळी पोरं नंदी सोडून तिच्याभोवती जमली. पोळा समितीतले एक म्हातारे भाऊ काठी टेकत आले. दोनदा फिरून त्यांनी गाडी पाहिली.

"शिंगं कुठी हायेत?"

नवऱ्यानं अँटेना दाखवली.

"एकच शिंग? एका शिंगाच्या बैलाले पोळ्यात कोण उभा करते?"

मग नवऱ्यानं त्यांना पृथ्वीशी संपर्क कसा होतो ते समजावलं. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडीला नंदींच्या रांगेतून काढून आइस्क्रीमच्या गाड्याशेजारी उभं केलं. बक्षीस अर्थातच शिंगवाल्याला गेलं. नवऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. भोवती मोबाइल उंचावलेले होते, लोक त्याचे फोटो काढत होते, आणि तो रिमोट छातीशी धरून सगळ्यांना मोटर समजावत होता. पोरगी पदर सावरत बाजूला उभी होती. फोटोत ती येत नव्हती.

घरोघरी जायला सुरुवात झाली. पहिल्या घरच्या बाईनं दिव्यांना घाबरून लांबूनच कुंकू फेकलं आणि बोजाऱ्याचा बिस्किटांचा पुडा कोणाला द्यावा, या विचारात पडली. बैल ज्याच्या ताब्यात, बोजारा त्याचा, हा तिचा हिशेब सरळ होता. तिनं पुडा नवऱ्याच्या हातात दिला. नवऱ्यानं तो शर्टाच्या खिशात घातला, धन्यवाद म्हणाला आणि गाडी वळवली. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिथंच, भर रस्त्यात, रिमोट हिसकावून तो नालीत फेकावा असं मला वाटलं. मी हात पुढे केलासुद्धा.

माझ्यावर ती वेळ आली नाही, कारण पुढच्या दारात मावशी उभ्या होत्या. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाई. एका हातात आरतीचं ताट, दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या.

"पाणी नको मावशी!" नवरा ओरडला. "आतमंधी मोटर हाये!"

"काऊन नको?" मावशींना ते अजिबात पटलं नाही. "कुठून आला म्हनता हा?"

"चंद्रावून. म्हंजे चंद्रावर असते तसा हाये."

"मंग तं धुवाच लागते. एवढ्या दुरून आला बिचारा, त्याचे पाय बी नाई धुवाचे?"

आणि त्या खाली बसल्या. एकेक करून त्यांनी सगळी चाकं धुतली, वरून हात फिरवून पुसली, आणि पाहुणा सहा पायांचा असल्यामुळे पाणी जरा जास्तच आणलं होतं ते उरलेलं पाठीवर ओतलं. गाडीनं एक उचकी दिली. दिवे लुकलुकले आणि विझले. नवऱ्यानं रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली. मावशींनी समाधानानं कुंकू लावलं.

"थकला व पोरी तुझा बैल," त्या म्हणाल्या, आणि ताटातला लाडू पोरीच्या हातावर ठेवला.

"घरी चला," नवरा म्हणाला. "उघडून वाळवावं लागन. पोळा झाला आपला."

पोरीनं लाडू तोंडात कोंबला. वेणीची लाल रिबीन सोडली, गाडीच्या पुढच्या दांडीला बांधली आणि ओढलं. लोणच्याची झाकणं खडखडली, फिरली. ती मागे न बघता पुढच्या घराकडे निघाली, एक वेणी सुटलेली, पाठ ताठ.

नवरा रिमोट घेऊन तसाच उभा होता. "तिले चालवाचं होतं तं सांगाचं ना," तो म्हणाला. "मागितला असता तं दिला नसता का मी रिमोट?"

"रोज मागत होती," मी म्हटलं.

एरवी असा टोला हाणल्यावर मी महिनाभर मिरवलं असतं. त्या दिवशी त्याच्याकडे पाहिलं आणि मला त्याची दयाच आली. त्यानं खिशातला बिस्किटांचा पुडा काढला, दोन्ही हातांनी धरला, आणि आता याचं काय करायचं ते त्याला समजेना.

पुढे रस्त्यावर चिखल होता. गाडी त्यात रुतली. पोरीनं दोनदा हिसका दिला, रिबीन मनगटाला गुंडाळली आणि मान न वळवता हुकूम सोडला.

"बाबा, मांगून रेटा!"

नवऱ्यानं रिमोट आणि पुडा माझ्या हातात कोंबला, चपला काढल्या आणि धावत जाऊन चिखलात वाकला.