रोजची एकोणीस मिनिटं

लाडू वेळीपच्या मनगटावरचं घड्याळ दिवसाला एकोणीस मिनिटं मागं पडायचं, आणि नंदिगड्डे पंचायतीतल्या सगळ्या वाड्यांना हे ठाऊक होतं. तारखेच्या खिडकीत बारा महिने एकतीस. काचेवर आडवा चरा. सेकंदकाटा सहापाशी आला की अडखळायचा. कुणी हसलंच तर लाडू म्हणायचा, "चढ सुरू होतोय तिथं. तुमी चढताना थांबत न्हाई व्हय?"

आता अशा माणसाशी कोण वाद घालणार?

वीस वर्षांपूर्वी रामनगरच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तुकारामकडून त्यानं ते घेतलं, टोपलंभर कणग्यांच्या बदल्यात. परसातले हे कंद त्या वर्षी मांडीएवढे झाले होते आणि त्याची बायको फुला ते पाहुण्यांसाठी राखून बसली होती. तेव्हापासून तिचं नि घड्याळाचं कधी जमलं नाही. "पोट तरी भरलं असतं," हे वाक्य वर्षातून चार वेळा तरी लाडूला ऐकावं लागायचं.

या घड्याळाला चावी नव्हती, सेल नव्हता. हात हलला की ते आपोआप भरायचं. तुकारामनं तेव्हाच सांगितलं होतं, "दिवसभर हात पुरता हलला तरच रात्र काढतंय. न्हाई तर पहाटं थांबतंय जरा." लाडूनं यातलं सोयीचं तेवढं ध्यानात ठेवलं. जंगलखात्याच्या कामावर असो की भातकापणीला, घड्याळ आपल्या बळावर चालतं हे तो भेटेल त्याला सांगायचा. मुलानं दांडेलीहून नवंकोरं, मिनिटही न चुकणारं घड्याळ आणून दिलं. लाडूनं ते खुंटीला टांगलं आणि रोज सकाळी त्यात बघून जुन्याचे काटे एकोणीस मिनिटं पुढं सारू लागला. नव्याचा त्याला एवढाच उपयोग.

गेल्या वर्षी तुकारामनं घड्याळ उघडून पाहिलं आणि मान हलवली. "लाडूकाका, आतलं यंत्र झिजलंय. चालतंय तंवर चालवा. एकदा दोन-तीन दिवस पडून ऱ्हायलं, तर माज्याच्यानं काय चालू व्हायचं न्हाई."

त्या दिवसापासून लाडू झोपतानाही घड्याळ काढेना. आंघोळीपुरतं सुनेच्या, सुनयनाच्या, हातात द्यायचा आणि न्हाणीतून ओरडायचा, "हालवतीस न्हवं?" सुनयना बिचारी एका हातानं भाकरी थापायची.

आणि मग यंदा मिरगाच्या तोंडावर, शेतात घालायला पाला तोडताना, लाडू ऐनाच्या झाडावरून खाली आला. उजवं मनगट मोडलं, डावा खांदा निखळला. जोयड्याच्या दवाखान्यात एका हाताला प्लास्टर आणि दुसरा हात छातीशी बांधलेला, अशा अवतारात त्यानं डॉक्टरला विचारलं, "यातला कुठला जरा हालवला तर चालंल?" डॉक्टरनं दोन्हींना दीड महिना सांगितला.

फुलाला घड्याळ घाल म्हणायची त्याची छाती झाली नाही. एकदा तोंडापर्यंत आलं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं पाणी मागितलं. शेवटी हिंडून चरणारी, क्षणभर स्वस्थ न बसणारी एकच व्यक्ती त्याला घरात दिसली. गाईची पाडी. सुनयनाकडून त्यानं घड्याळ चिंधीत गुंडाळून पाडीच्या गळ्यात लाकडी घंटेशेजारी बांधून घेतलं. दोन दिवस युक्ती झकास चालली. पाडी संध्याकाळी यायची, लाडू तिच्या गळ्याला कान लावायचा, ती त्याचा कान चाटायची.

तिसऱ्या संध्याकाळी पाडी आली नाही.

आदल्याच दिवशी ओढ्याकडं अस्वल दिसलं होतं. तरी फुला कोयता घेऊन एकटी गेली. दिवेलागणीला ती पाडीला ओढत परतली, तेव्हा लुगडं फाटलं होतं आणि हातांवर काट्यांचे ओरखडे होते. ओट्यावर बसलेल्या लाडूला पाडीचा रिकामा गळा दिसला.

"घड्याळ कुठाय?"

फुलानं त्याच्याकडं क्षणभर पाहिलं. "न्हाई," म्हणाली आणि आत गेली.

लाडूला जेवण गेलं नाही. तीन दिवस तो जंगलाकडं तोंड करून बसला आणि चौथ्या दिवशी सुनेला म्हणाला, "आता थांबलं असंल ते." घरातलं कुणी गेल्यासारखं त्याला दुःख झालं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

भाताची लावणी सुरू झाली. फुला पहाटे उठून त्याला पेज भरवायची आणि शेतात जायची. ती जवळ बसली की लाडूला टिकटिक ऐकू यायची. कानात भरून राहिलीय, असं त्यानं सुनयनाला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. लाडू घरी येऊन बसतो तोच फुला त्याच्यासमोर बसली आणि तिनं चोळीची बाही वर सारली. दंडावर, पट्टा तुटला होता तिथं चिंधीनं बांधलेलं, घड्याळ चालत होतं.

"तवाच घावलं व्हतं. करवंदीच्या जाळीत," ती म्हणाली. "माजं काय झालं ते आदी इचारलं असतं, तर तवाच दिलं असतं."

लाडूनं कान लावला. डोळे भरून आले ते त्यानं पुसले नाहीत. हात अजून वर जात नव्हता. मग सवयीनं त्यानं सुनयनाला खुंटीवरचं घड्याळ आणायला सांगितलं.

"किती मागं हाय?"

"बारा मिन्टं, मामा."

"रोजची?"

"रोजची कुठली? दीड म्हयन्याची सगळी मिळून. आत्तीनं काटं सारलंच न्हाईत."

"मला कुठं येतंय ते," फुला म्हणाली.

वीस वर्षं लाडू म्हाताऱ्या यंत्राची बाजू घेत आला होता. पण दोष यंत्राचा नव्हताच; पुरता हलत नव्हता तो त्याचाच हात. त्याच्या हाताला दुपारची झोप होती, नाक्यावरच्या गप्पा होत्या. फुलाचा हात पहाटे चारला हलायला लागायचा तो रात्री भांडी पालथी घालूनच थांबायचा.

चिंधीखालून एक लांब ओरखडा कोपरापर्यंत गेला होता. भरून पांढरा पडलेला.

"हे त्या दिवशीचं?" त्यानं विचारलं.

"व्हय," फुला म्हणाली. "लई उशीर केलासा इचारायला."

ती चिंधी सोडायला लागली. लाडूनं मान हलवली. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तुज्या हाताला बरं चालतंय."