शेजारच्या सरांचा मेंदू

आमच्या शेजारचे सर लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतात. कुणी चिडलं की ते त्याला मेंदू समजावतात. माझं भाजीवाल्याशी भांडण चाललं होतं, तेव्हाही मध्ये येऊन म्हणाले, "माकडात बी हेच हाय बघा. आत बदामाएवढी गाठ भडकते, कपाळामागचा मेंदू तिला आवरतो. दोघांत जायची-यायची वाट असते." तोवर भाजीवाला पुढच्या गल्लीत पोचला होता.

परीक्षेच्या निकालादिवशी सकाळीच त्यांची देगलूरची एक विद्यार्थिनी ओट्यावर येऊन बसली. मार्क फार कमी पडले होते आणि घरी फोन करायची तिची हिंमत होत नव्हती. सर समोर बसले. "बघ बाळ, भीती जिथून निघते ना..." एवढं बोलून अडकले आणि चष्मा पुसत राहिले. मग त्यांनीच तिच्या वडिलांना फोन लावला. "पोरगी माझ्याजवळ हाय. तिला काही बोलू नका. मी घेऊन येतो."

मी दोघांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली तेव्हा सर हळूच मला म्हणाले, "तिचा बाप लई तापट हाय म्हणतात. मलाच भ्या वाटायलंय." आणि तिची पिशवी उचलून ते आधी गाडीत चढले.