भिंतीतली फट आणि वैनींची साखळी

मंडळी, आज दुपारी वैनींनी मला ताळ्यावर आणलं.

मी कामथडीत, मित्र अस्लम भोरात आणि माझ्या चुलतभावाची बायको, म्हणजे वैनी, गुंजवण्यात. आम्ही तिघं मोबाईलवर, एकमेकांशी बोलत, मिळून एक गेम खेळतो. शेवटच्या किल्ल्याचं दार तिघांनी एकदम साखळ्या ओढल्या तरच उघडतं. आठवडाभर आमचं जमत नव्हतं.

आज मला भिंतीत एक फट सापडली. गेम बनवणाऱ्यांची चूक. तिथून उडी मारली की थेट आत. मी गेलो, मागोमाग अस्लम. वैनी मात्र साखळी धरून दाराशीच उभ्या.

"वैनी, या की, हितं फट हाय."

"तुमी जावा, भावजी. इर्जिकीला बोलावून माझी पात तुमीच कापल्यावर मी आले कशाला?"

आमच्याकडं भातकापणीला सगळे एकमेकांच्या शेतात जातात, ती इर्जिक. आलेल्या प्रत्येकाला कापायला आपली पात, म्हणजे एक पट्टा, मिळतो.

मी म्हणणार होतो, समोर खेळणारं कुणी नाहीच, मग फसवलं कुणाला? पण स्क्रीनवर त्या एकट्या उभ्या दिसल्या.

आम्ही परत बाहेर आलो. तीनदा हरलो. चौथ्यांदा दार उघडलं. "उघडलं की वो," एवढंच वैनी म्हणाल्या.

वैनी, लई उपकार झाले.

तुम्हीही कधी असे फटीतून आत गेला असाल. तेव्हा दाराशी कोण राहिलं होतं, आठवतंय?