हलवाहलवी मॅडम

आमच्या मॅडमना कुठलीही वस्तू जागच्या जागी असलेली बघवत नसे. अमरावतीच्या कॉलेजात आमचा रोबो रडतखडत प्रयोगशाळा फिरून नकाशा तयार करायचा, वाट शोधायचा, आणि आम्ही 'जमलं' म्हणेपर्यंत मॅडम टेबल ढकलून मध्येच आडवं लावत. रोबो त्यावर आपटायचा. पाठीमागे आम्ही त्यांना हलवाहलवी मॅडम म्हणायचो, आणि हे मी सभ्य नाव सांगतोय.

एकदा मी चिडून विचारलंच. मॅडम तेल्हाऱ्याच्या, रागावल्या की वऱ्हाडीवर यायच्या. "पाठ असलेल्या रस्त्यानं तं बैलबी चालते. याले अनोळखी वावरात जाचं हाय."

कापसाला भाव नाही आणि बोंडअळी हटत नाही, अशी ती वर्षं. मॅडमचा धाकटा भाऊ फवारणी करताना विषबाधा होऊन मरता मरता वाचला होता. त्याच्या पाठीवरचा पंप या यंत्राच्या पाठीवर द्यायचा, एवढाच त्यांचा ध्यास. पण काम पुढे चालू ठेवायचं तर प्रकल्पाला मंजुरी देणाऱ्या समितीला रोबो शेतात चालवून दाखवणं भाग होतं.

आदल्या दिवशी भावाच्या वावरात तो चक्क शहाण्यासारखा चालला. कपाशीच्या ओळी सगळ्या सारख्याच. आपण कुठल्या ओळीत आहोत हे तो धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झुडपांवरून आणि दगडांवरून ओळखायचा. सकाळी समितीला घेऊन पोचलो तर धुरा लख्ख. ताईचे साहेब येणार म्हणून भावानं झुडपं तोडली होती, दगड उचलले होते, वर झाडू मारला होता. हसावं की रडावं कळेना.

रोबो दोन ओळी गेला, वळला आणि त्याच ओळीत परत शिरला. असं तो करतच राहिला. समितीतल्या एकानं सुचवलं, चुन्याची रेघ मारा, तिच्यावरून चालवा, मंजुरी देऊन टाकू. मॅडमना हात जोडायचे तेवढे मी बाकी ठेवले. मॅडम नाही म्हणाल्या. वावरोवावरी रेघ कोण मारणार, असं त्यांचं म्हणणं. समिती चहासुद्धा न घेता गेली.

भाऊ हळूच जवळ आला. "ताई, माह्यामुळं बिघडलं काय?"

"नाही रे. धुरा लय साजरा केला तू," असं म्हणून मॅडम त्याच्या घरी पोटभर जेवल्या. आदल्या दिवशी मॅडमनी भावाला दोन शब्द सांगून ठेवले असते तर काय बिघडलं असतं, हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

प्रकल्प बंद पडला. पुढे ऐन फवारणीच्या दिवसांत मॅडम अकोल्याच्या स्टँडवर दिसल्या, तेल्हाऱ्याच्या गाडीची वाट पाहत. मी भावाची चौकशी केली.

"त्याच्यासाठी मास्क नेऊन राहिली," त्या म्हणाल्या. "तो लावणार नाही, माहीत हाय मले."