बिनसाखरेचा प्रसाद

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत आरोग्य उपसमिती स्थापन झाली आणि तिने पहिल्याच दिवशी लिफ्टच्या दारावर ‘जिना वापरा, निरोगी राहा’ असा फलक लावला. लिफ्ट तेव्हा बंदच होती. त्यामुळे मोहिमेला भरघोस प्रतिसाद मिळाला.

मग गच्चीवर प्राणायाम सुरू झाला. शिकवायला स्वतः सेक्रेटरी. देवनारच्या कचराडेपोच्या बाजूने वारा फिरला की वास थेट नाकात.

“खोल श्वास घ्या,” सेक्रेटरी म्हणाले.

“जरा वरवर घेतला तर चालेल का?” मागून कुणीतरी विचारलं.

आरोग्य संवर्धनाबद्दल मी थोडंफार वाचलं आहे. निरोगी राहणं लोकांना सोपं करून द्यावं आणि काही ठरवण्याआधी त्यांना विचारावं, हे त्याचं तत्त्व. टीकाकार म्हणतात, प्रत्यक्षात हवा आहे तशीच राहते आणि श्वास कसा घ्यावा ते मात्र माणसाला शिकवलं जातं. हे टीकाकार आमच्या गच्चीवर कधी येऊन गेले कोण जाणे.

सव्वीस जानेवारीला सोसायटीचा सत्यनारायण असतो. प्रसादाचा शिरा माझी आई करते. गुडघे गेले, मधुमेह झाला, एकेक काम हातून सुटलं. हे एवढं राहिलं होतं. यंदा पूजेच्या आधी सेक्रेटरी घरी आले.

“काकू, या वर्षी साखर-तूप बंद. ओट्सचा शिरा. समितीत ठरलंय.”

“मला कुणी विचारलं?”

“तुमच्यासाठीच ठरवलं ना! तुम्हाला शुगर आहे.”

“अरे, मी चिमूटभर घेते नुसता. करते तो लोकांसाठी.”

“तेच ना काकू, लोकांचंही बघायला हवं.”

“मग तूच कर.”

‘छे छे, तुमच्याशिवाय कसं होईल’ असं त्यांनी म्हणावं, म्हणून ती तसं म्हणाली होती. पण सेक्रेटरी “बरं” म्हणून निघून गेले. आईने मोठी कढई माझ्याकडून माळ्यावर ठेवून घेतली आणि दोन दिवस माझ्याशीही धड बोलली नाही.

पूजेला सेक्रेटरींनी पातेलंभर शिरा आणला. ओट्स, दूध, वेलची. आता, प्रसाद नाकारता येत नाही आणि टाकताही येत नाही. नाकारला तर काय होतं ते लोकांनी नुकतंच कथेत ऐकलेलं. आरोग्याच्या प्रचाराला याहून चांगला श्रोता मिळणं कठीण. सगळे हात पुढे करत होते आणि “थोडाच, थोडाच” म्हणत होते. मधुमेहाबद्दल इतकी जागरूकता मी आमच्या इमारतीत कधी पाहिली नव्हती. एक गृहस्थ तळहातावरचा गोळा घेऊन आरती, हळदीकुंकू आणि आभारप्रदर्शन संपेपर्यंत तसेच उभे होते.

पूजा आवरली तरी पातेलं अर्ध्याच्या वरच होतं. फेकायचं कुठे? सेक्रेटरी ते दोन्ही हातांनी धरून आमच्या दारात आले.

“काकू, याचं काही होईल?”

आईने झाकण काढलं. “अरे मेल्या, ह्या काय केलंस!” कोकणातली बोली तिच्या तोंडी फक्त संतापात किंवा आनंदात येते. या वेळी नक्की कशामुळे आली ते मला सांगता येणार नाही. तिने पदर खोचला आणि मला कढई काढायला लावली.

“तूप दे. साखरेचा डबा पण. आणि तू रे, उभा काय राहिलास? हलवत राहा, खाली लागेल.”

सेक्रेटरी घामाघूम होऊन हलवत राहिले. आई बाजूला स्टुलावर बसून मूठमूठ साखर टाकत होती. दरवर्षी शिऱ्यात पडते त्याहून ती बरीच जास्त झाली असणार. ओट्स ऐकतच नव्हते. वासाने शेजारची दारं उघडू लागली. कुणी वाटी घेऊन आलं, कुणी सहजच.

“मला नको,” आई म्हणाली. “तू बघ चाखून.”

सेक्रेटरींनी चमचाभर तोंडात टाकला. क्षणभर डोळे मिटले. मग बाहेर जमलेल्यांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

“काकू, साखर किंचित अजून चालेल.”